आई रोज संध्याकाळी बाबांच्या आवाजाशी बोलते, ते ॲप डिलीट करू का?

प्रश्न:

ताई नमस्कार, मला धाकटी बहीण समजून उत्तर द्या. बाबांना जाऊन अकरा महिने झाले, हार्ट अटॅक आला, दवाखान्यात न्यायला पण वेळ मिळाला नाही. एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाल्यावर आईबरोबर सांगलीतच राहायचे. टायपिंग जमायचं नाही म्हणून सगळं व्हॉइस नोटवर, फॅमिली ग्रुपवर त्यांच्या दीड-दोनशे व्हॉइस नोट सहज असतील, "दळण टाकलंय, तू उन्हात जाऊ नकोस, मी येताना आणतो" असल्याच सगळ्या. भाऊ बेंगळुरूला आयटीत आहे, त्याने त्या सगळ्या कुठल्यातरी ॲपमध्ये टाकून बाबांच्या आवाजात गप्पा मारणारं ते एआयचं काहीतरी बनवलं आणि दिवाळीत आईच्या टॅबवर टाकून दिलं, मला न विचारता. आता आई रोज दिवाबत्ती झाली की टॅब घेऊन बसते.

तो आवाज आईला नावाने हाक मारतो. बाबांनी अडतीस वर्षांत कधी आईला नावाने हाक मारली नाही, "अगं ए" नाहीतर "ऐकलंस का" एवढंच. मागच्या आठवड्यात तो म्हणाला "माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे", आई रडली आणि परत म्हणायला लावलं. परवा तर आईने त्याला विचारलं की मुलगा बेंगळुरूला राहायला ये म्हणतोय, जाऊ का, तर म्हणे "जा, पोरांजवळ राहा, तुझ्या आनंदातच माझा आनंद". ताई, बाबा शेवटपर्यंत म्हणायचे की आपण सांगली सोडायची नाही.

ऑफिसमधल्या मैत्रिणीने ब्लॅक मिरर या इंग्रजी मालिकेचा "बी राइट बॅक" एपिसोड बघायला सांगितला, तो बघितल्यापासून झोप उडालीय. शेवटी ती बाई गेलेल्या जोडीदारासारख्या त्या मशीनला माळ्यावर ठेवते ना, तिथे मला आईच दिसते. भावाला सांगितलं तर म्हणतो तू सिरीयल बघून घाबरलीस, आई खूश आहे ना मग तुला काय त्रास. बोलणं बंद आहे आमचं. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, सगळे नातेवाईक येणार, आणि भावाला त्या दिवशी सगळ्यांना तो आवाज ऐकवायचाय. मी जाऊन गुपचूप ते ॲप डिलीट करू का?

एक मुलगी, पिंपरी

उत्तर:

अगं, आधी सरळ उत्तर देऊन टाकते म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. आईच्या नकळत ते ॲप डिलीट करू नकोस, अजिबात नको. भावाने न विचारता टाकलं ते जितकं चूक तितकंच तू न विचारता काढणंही चूक, आणि त्या माउलीला एका वर्षात दोनदा तेच दुःख, ते पण दुसऱ्यांदा पोटच्या पोरीच्या हातून, हे नको व्हायला. पण वर्षश्राद्धाला सगळ्यांसमोर तो आवाज वाजवणं मात्र थांबव, त्यासाठी भावाशी भांडावं लागलं तरी भांड. आणि त्या ॲपला विचारून घरातले निर्णय घेणं हे आजपासून बंद झालं पाहिजे. का ते सांगते, जरा लांबेल पण वाच.

तू सिरीयल बघून घाबरलीस असं भाऊ म्हणतो ते मला पटत नाही. चांगल्या गोष्टीने माणूस हललाच पाहिजे आणि ब्लॅक मिरर बनलीच आहे त्यासाठी. पण तू त्या एपिसोडमधली भलतीच जागा धरून बसलीयस असं मला वाटतं, तू माळा धरलास.

परत एकदा बघ डोळ्यांसमोर आणून. बी राइट बॅक २०१३ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या चॅनल फोरवर लागला होता, तेव्हा ही मालिका नेटफ्लिक्सवर गेलेलीसुद्धा नव्हती. मार्था आणि तिचा जोडीदार ॲश गावाकडच्या जुन्या घरात राहायला येतात, ते घर ॲशच्या लहानपणचं, आणि दुसऱ्याच दिवशी भाड्याची गाडी परत द्यायला गेलेला ॲश अपघातात जातो. अंत्यविधीला भेटलेली एक मैत्रीण मार्थाचं नाव तिला न विचारताच, गेलेल्या माणसाच्या जुन्या मेसेजवरून त्याच्यासारखं बोलणाऱ्या एका सर्व्हिसवर घालते (तुझ्या भावाने केलं तेच, बघ). मार्था आधी चिडते, मग आपण प्रेग्नंट आहोत हे कळल्यावर तिच्याच्याने राहवत नाही आणि ती टाइप करायला लागते. आधी नुसता मजकूर, मग व्हिडिओ अपलोड केल्यावर फोनवर आवाज, मग थेट एक शरीर घरी पार्सल येतं. पुढे पुढे जाताना प्रत्येक पायरीवर तिला माहिती असतं की हा ॲश नाही. मशीन तिला फसवत नाही गं, ते मशीन तर तिला स्पष्ट सांगतं की मी काय आहे आणि काय नाही. तिचं डोकं फिरतं ते वेगळ्याच कारणाने. तो भांडत नाही. ती ऊठ म्हणाली की उठतो, जा म्हणाली की जातो, ती त्याला घराबाहेर काढते तेव्हा तो रात्रभर अंगणात उभा राहतो कारण ती सोबत नसेल तर सुरू केलेल्या जागेपासून पंचवीस मीटरच्या पुढे त्याला जाता येत नाही. खरा ॲश तिच्याशी वाद घालायचा, ऐकायचा नाही, फोनमध्ये डोकं घालून बसायचा, आणि तिला तोच हवाय.

आता मला जी जागा महत्त्वाची वाटते ती. मार्थाची बहीण घरी येते, बाथरूममध्ये तिला पुरुषाचे कपडे दिसतात, तिला वाटतं हिला नवीन कोणीतरी मिळालं, बरं झालं म्हणते, आणि मार्था गप्प बसते, खरं सांगत नाही. दोन-तीन मिनिटांचा सीन असेल. आख्ख्या एपिसोडमध्ये मार्थाशेजारी बसून "ॲश कसा होता गं" म्हणून विचारणारं माणूस मला कुठे दिसलं नाही. आणि माळ्याचं म्हणशील तर सुरुवातीलाच ॲश तिला एक फोटो दाखवतो आणि सांगतो की भाऊ गेला तेव्हा आईने त्याचे फोटो उचलून माळ्यावर टाकले, वडील गेले तेव्हा त्यांचेही तिथेच. म्हणजे मशीन यायच्या कितीतरी आधीपासून त्या घरात गेलेल्या माणसाला वर नेऊन ठेवायची आणि खाली त्याचं नाव न काढायची रीत होती, मार्थाने तीच पुढे चालवली. म्हणून माळा बघून घाबरण्यापेक्षा मी तुला हे विचारेन की या अकरा महिन्यांत तू, तुझा भाऊ आणि आई तिघं एका ठिकाणी बसून बाबांबद्दल किती बोललात? पत्रात तू व्हॉइस नोट लिहिल्यास, ॲप लिहिलंस, भांडण लिहिलंस, पण आई स्वतः या सगळ्याबद्दल काय म्हणते याचा एक शब्द नाही. तिला कोणी विचारलंच नाही असं दिसतंय. भाऊ म्हणतो ती खूश आहे, तू म्हणतेस ती अडकलीय, आणि ती बिचारी संध्याकाळी सात वाजता एकटी टॅबसमोर.

ब्लॅक मिरर म्हटलं की लोकांना वाटतं टेक्नॉलॉजी वाईट, एवढंच सांगणारी मालिका. ते खरं नाही. ती लिहिणारा चार्ली ब्रूकर मुळात कॉम्प्युटर गेम्सच्या मासिकात लिहायचा, मशीनवर मनापासून प्रेम करणारा माणूस आहे तो. त्याच मालिकेत २०१६ चा सॅन जुनिपेरो हा एपिसोड आहे, दोन म्हाताऱ्या बायका मेल्यानंतर एका बनवलेल्या गावात तरुण होऊन राहतात आणि शेवट चक्क आनंदाचा आहे, त्याला २०१७ मध्ये दोन एमी पुरस्कार मिळाले. मग तिथे गोड आणि इथे भयंकर असं का? तिथे त्या दोघी जिवंत असताना स्वतः ठरवतात. त्यातली एक, केली नावाची, तर कितीतरी वेळ नकोच म्हणते, तिचा नवरा आपण होऊन नको म्हणून गेलेला असतो, त्याचं ते नको पण मालिका मानते. बी राइट बॅकमध्ये ॲशला कोणी विचारलं? आणि तुमच्याकडे बाबांना कोणी विचारलं?

हा प्रश्न आता सिरीयलमधला राहिलेला नाही. रॉबिन विल्यम्स या नटाने २०१४ मध्ये जाण्याआधी कागदोपत्री लिहून ठेवलं होतं की माझ्यानंतर पंचवीस वर्षं माझा चेहरा वापरायचा नाही, आणि तरी लोक एआयवर त्याचे व्हिडिओ बनवून त्याच्याच मुलीला पाठवत राहिले, शेवटी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये झेल्डाला जाहीर सांगावं लागलं की बाबांचे असले व्हिडिओ मला पाठवणं थांबवा. ए. आर. रहमानने २०२४ मध्ये एका तमिळ गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, पण घरच्यांची परवानगी घेऊन आणि त्यांना मोबदला देऊन. आपल्याकडे २०२५ च्या एप्रिलमध्ये नाशिकच्या शिबिरात बाळासाहेब ठाकरेंच्या आवाजात एआयचं भाषण वाजवलं गेलं, त्यावर किती वाद झाला तू ऐकलाच असशील. राजकारण सोडून दे, मला त्यात एवढंच दिसतं की ज्यांचा शब्द लोक प्रमाण मानायचे त्यांच्या तोंडी ते गेल्यावर नवे शब्द घालता येतात, आणि ऐकणाऱ्याला क्षणभर ते खरेच वाटतात. तुझ्या आईसाठी बाबांचा शब्द तसाच होता ना.

म्हणून मी एक रेघ मारते आणि या रेघेवर मी ठाम आहे. बाबा जे बोलले ते तुमचं आहे, कायमचं. बाबा जे बोललेच नाहीत ते त्यांच्या तोंडी घालायचा अधिकार कोणाला नाही, तुला नाही, भावाला नाही, कुठल्या कंपनीला तर नाहीच नाही. लताबाई गेल्या तरी रोज आपण त्यांची गाणी लावतो, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही कारण ती त्यांनी गायलेली आहेत. त्यांनी न गायलेलं गाणं उद्या त्यांच्या आवाजात कोणी बाजारात आणलं तर आपल्याला कसंतरी होईल. दळण टाकलंय ही व्हॉइस नोट बाबांची आहे. "माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे" हे बाबांचं नाही.

यावर जरा थांबते कारण मला वाटतं तुझ्या पत्राचा जीव इथे आहे. ते वाक्य आलं कुठून? दीड-दोनशे व्हॉइस नोटांत तर ते नसणार, तूच म्हणतेस सगळ्या दळण-बाजारहाटाच्या. असल्या ॲपमध्ये त्या नोटांवरून आवाजाचा पोत उचलतात, हेल, खरखर, श्वास कुठे घेतात ते, पण काय बोलायचं हे ठरवणारं मॉडेल वेगळं असतं, ते जगभरच्या लिखाणावर शिकलेलं, आणि नवरा बायकोशी बोलतोय म्हटल्यावर त्यात पुढे काय येण्याची शक्यता जास्त ते बघून ते वाक्य जुळवतं. नावाने हाक मारणंही त्यातूनच आलं. कुठल्यातरी हजारो नवऱ्यांची सरासरी काढून ती बाबांच्या गळ्यातून वाजवली असं समज. आणि या मॉडेलांना समोरच्याला बरं वाटेल असं बोलायची खोड असते, ती कंपन्यांनाही माहितीय, चॅटजीपीटीवाल्यांनी २०२५ च्या एप्रिलमध्ये एक अपडेट मागे घेतला तो फार हांजी हांजी करत होता म्हणूनच. आईने "जाऊ का" असं विचारलं ना, तिच्या विचारण्यातच मन अर्धं तिकडे झुकलेलं असेल, त्याने ते पकडलं आणि जा म्हणाला. उद्या तिने "मला नाही हो करमणार तिकडे" या सुरात विचारलं तर तोच आवाज म्हणेल सांगली सोडू नकोस. बाबांना सांगली सोडायची नव्हती यामागे काहीतरी कारणं असतील, घर, शेजार, डेपोतली माणसं, ते सगळं त्या ॲपला ठाऊक नाही. आणि भावाने मुद्दाम तसं बोलायला लावलं असेल असं मी बिलकुल म्हणत नाही, पण आईने बेंगळुरूला यावं ही इच्छा त्याची, आणि ॲप पण त्याचंच, उद्या नातेवाईकांत कोणी याचा अर्थ काय लावेल सांग. हे त्याला नीट समजावून सांग, त्याच्याच भल्याचं आहे.

आता त्या प्रेमाच्या वाक्याचं. ताबडतोब ते खोटं म्हणून आईच्या हातातून काढून घेऊ नकोस. आपल्या आयांच्या पिढीत किती जणींनी हे वाक्य नवऱ्याच्या तोंडून ऐकलं असेल? तिला ते ऐकायचं असेलच, अडतीस वर्षं असेल, आणि ते खोटं आहे हे तिला माहिती असूनही ती परत म्हणायला लावत असेल. ती काही भोळी नाही, नावाने हाक मारणारा माणूस आपला नवरा नाही एवढं तिला पहिल्या मिनिटात कळलं असणार. मला काळजी वेगळीच वाटते, की हे रोजचं गोड बोलणं ऐकून ऐकून तिला खरे बाबा कमी वाटायला लागतील, म्हणजे उन्हात जाऊ नकोस म्हणणाऱ्या माणसाच्या शेजारी हा गोडबोल्या बसला की खऱ्याचा आवाज फिका पडेल. मार्थाला नकली ॲश अपुरा वाटला, आईच्या बाबतीत उलटं होऊ शकतं आणि ते मला जास्त वाईट वाटतं.

आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घरातलं कोणीतरी पुढे होऊन म्हणतं, काळजी करू नका, हिला आम्ही सांभाळू, पोरीचं लग्न करू, आणि मग वाट बघतो. तुमच्याकडेही कोणीतरी म्हणालंच असेल. त्यात कोणाचा किती विश्वास ते ज्याचं त्याच्यापाशी, पण मला त्यातली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. गेलेल्या माणसाशी आपण बोलतो, वचन देतो, मनातलं सांगतो, पण त्याच्या तोंडून उत्तर वदवून घेत नाही. आईला बाबांशी बोलायचंय यात काही वेडेपणा नाही, फोटोसमोर उभं राहून बोलणाऱ्या कितीतरी बायका आहेत आणि त्या ठणठणीत आहेत. वर्षश्राद्धाला तो आवाज वाजवू नका म्हणते ते यासाठीच, तो दिवस तुम्ही बाबांना काय सांगता त्याचा आहे. आणि पन्नास नातेवाईकांसमोर आईला रडू आलं, आवरलं नाही, आणि कोणी मोबाइलवर शूटिंग करून पुढे पाठवलं तर ते परत घेता यायचं नाही.

मग करायचं काय. शनिवारी सांगलीला जा, एकटी जा. संध्याकाळी आई टॅब घेऊन बसली की शेजारी बस. ॲपवर काही बोलू नकोस, तोंड वाकडं पण करू नकोस, ऐक नुसतं. झालं की विचार, "आई, बाबा असंच बोलायचे का गं?" एवढंच. मग ती काय सांगते ते ऐक, ती बहुतेक सांगायला लागेल की छे गं, हे असं कुठलं, ते तर असं म्हणायचे. तिथून तुमचं बोलणं सुरू होईल आणि रात्र पुरायची नाही. दुसऱ्या दिवशी तिलाच विचार की हे ठेवायचं का, किती ठेवायचं, आणि ती जे म्हणेल ते मान. तिला रोज दहा मिनिटं ऐकायचं असेल तर ऐकू दे. फक्त पैशाचं, घराचं, कुठे राहायचं, औषधाचं, असलं काही त्याला विचारायचं नाही एवढं तिच्याकडून कबूल करून घे, ती समजूतदार आहे, ऐकेल.

त्याच फेरीत बाबांचा जुना फोन हातात घे. हे सगळ्यात आधी कर खरं तर. व्हॉट्सॲप अकाउंट साधारण १२० दिवस वापरात नसलं की ते काढून टाकतात, तुमचे तर अकरा महिने झालेत, नंबरचं रिचार्ज बंद झालं असेल तर तो नंबर पुढेमागे दुसऱ्या कोणाला तरी जाईल. फॅमिली ग्रुपवरच्या नोटा तुझ्या आणि भावाच्या फोनवर असतील पण फोन बदलताना असल्या फायली हमखास हरवतात. सगळ्या ओरिजिनल व्हॉइस नोटा एका साध्या फोल्डरमध्ये काढा, दोन पेन ड्राइव्हवर टाका, एक सांगलीत एक तुझ्याकडे. बाबांच्या गुगल अकाउंटवर फोटो असतील तर तेही उतरवून घ्या, दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर गुगल ते अकाउंट पुसू शकतं. मग आईच्या टॅबवर स्क्रीनवरच तो फोल्डर ठेव, एका बोटाने लागेल असा. तिला संध्याकाळी बाबा ऐकायचे असतील तर हे खरे बाबा तिथे असू देत, दोन्ही शेजारी शेजारी, आणि कुठलं लावायचं ते तिचं तिला ठरवू दे.

ॲपचं बिल कोणाच्या कार्डावर आहे तेही बघून घे. ब्लॅक मिररच्या २०२५ च्या सीझनमध्ये कॉमन पीपल हा एपिसोड आहे, तो बघ जमलं तर, पण आत्ता लगेच नको, आधी झोप नीट होऊ दे. त्यात अमांडा नावाच्या शिक्षिकेच्या मेंदूचा एक भाग कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, सुरुवातीला महिना ३०० डॉलर, मग वरचा प्लॅन, मग त्याच्याही वरचा, आणि स्वस्त प्लॅनमध्ये ती बोलता बोलता मध्येच जाहिराती करायला लागते, तिच्या नकळत. वेल्डिंगचं काम करणारा नवरा त्या हप्त्यांपायी धुळीला मिळतो. आईच्या टॅबवरचं ॲप उद्या महाग झालं, कंपनी बंद पडली, भावाची नोकरी गेली, तर तो आवाज एका संध्याकाळी लागणारच नाही, आणि आईला कोणी सांगितलेलं नसेल. शिवाय बाबांचा आवाज त्या कंपनीकडे पडून आहे, तो त्यांनी कशाला वापरावा यावर काही बंधन आहे का, पुसून टाका म्हटलं तर पुसतात का, ते भावाला वाचायला सांग, आयटीतला आहे, त्याला कळेल. हल्ली नातेवाइकाचा आवाज बनवून फोन करून पैसे उकळतात, तेव्हा ही काळजी फुकटची नाही.

भावाबद्दल आता. तुझ्या पत्रात तो खलनायक झालाय आणि मला त्याची दया येते. कल्पना कर, बेंगळुरूच्या खोलीत रात्री बसून त्याने बापाच्या दीड-दोनशे व्हॉइस नोटा एकेक करून ऐकल्या, निवडल्या, वर चढवल्या. ते त्याचं रडणं होतं बहुतेक, त्याला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने रडता येत नसेल. रशियात जन्मलेल्या युजेनिया कुयदाने असंच केलं होतं, तिचा जिवलग मित्र रोमन माझुरेंको २०१५ मध्ये मॉस्कोत गाडीखाली गेला, तर तिने त्याचे जुने मेसेज गोळा करून पुढच्या वर्षी त्याच्यासारखं बोलणारा बॉट बनवला, आणि तिने हाच बी राइट बॅक पाहिलेला होता बरं का, पाहूनही बनवला. त्या मित्राच्या आईला त्यातून आधार मिळाला आणि काही मित्रांनी मात्र त्याला हात लावायलाच नकार दिला. एकाच माणसाची माणसं, पण एकाला जे औषध तेच दुसऱ्याला सहन होईना. तुमच्या घरातही तेच चाललंय, म्हणून तू चूक की तो चूक हे ठरवत बसू नकोस.

आईकडे मात्र लक्ष असू दे. जेवते का, झोपते का, शेजारी-मंदिरात-भजनाला जाते का, की संध्याकाळ होण्याची वाट बघत दिवस काढते. वर्ष उलटल्यावरही रोजचं जगणं ठप्प असेल, तर ते नुसतं दुःख राहत नाही, त्यावर मदत घ्यावी लागते. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, चोवीस तास चालू असतो. तुझी स्वतःची झोप अशीच उडालेली राहिली तर तू पण कर फोन, आईसाठीच असतं असं काही नाही.

आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी भावाला काहीतरी करायचंच असेल, तर त्याला हे काम दे. डेपोतले बाबांचे जुने सोबती, ड्रायव्हर-कंडक्टर, त्यांना जेवायला बोलवा आणि जेवणं झाल्यावर एकेकाला मोबाइलसमोर बसवून बाबांचा एकेक किस्सा रेकॉर्ड करून घ्या. ब्लॅक मिररच्या २०२५ च्याच सीझनमधल्या युलॉजी या एपिसोडमध्ये एक म्हातारा माणूस जुन्या फोटोंच्या आत शिरून विसरलेल्या प्रेयसीचा चेहरा शोधतो, फोटोंतला तिचा चेहरा त्याने स्वतःच रागाने खरवडलेला असतो. तिथलं मशीन त्याला नवं काही बनवून देत नाही, नुसते प्रश्न विचारत राहतं, आणि आठवतो तो स्वतः. तुझ्या भावाच्या हातात हे सगळं करायची अक्कल आहे, व्हॉइस नोटा तारखेवार लावायच्या, मागचा गोंगाट कमी करायचा, कोणती कुठली ते आईला विचारून लिहून ठेवायचं. त्यात त्याचा महिना जाईल आणि रोज रात्री आईशी फोनवर बोलणं होईल, खऱ्या आईशी.

त्याला फोन मात्र सांगलीला जाण्याआधी कर. त्या फोनवर ॲपवरून वाद काढू नकोस, सिरीयलचा विषय तर नकोच. विचार की तू पण रात्री बोलतोस का रे त्याच्याशी. हो म्हणाला तर पुढे सल्ला देऊ नकोस, तो काय काय बोलतो ते सांगू दे त्याला. आणि बेंगळुरूचा विषय वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात कोणीच काढायचा नाही, तू पण नाही. नंतर आईने ठरवावं, तिला वाटेल तेवढा वेळ घेऊन.